तिथे कुणी मागे लागत नाही : जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांतून जर्मनीतल्या सार्वजनिक विद्यापीठांविषयीचे प्रश्न निवडले आहेत. अर्ज, एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रे पडताळल्याचा दाखला), व्हिसाची मुलाखत हे विषय बाजूला ठेवले आहेत. विमान उतरल्यावर काय होते आणि काय करावे लागते, एवढ्यावरच भर आहे. रकमा बदलत असतात, म्हणून जिथे शक्य आहे तिथे वर्ष दिले आहे. निघण्यापूर्वी विद्यापीठाच्या आणि दूतावासाच्या संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

प्रश्न : मुलाला कार्ल्सरूहला मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला आहे. जर्मनीत फी नसते असे ऐकून आम्ही निर्धास्त होतो. आता ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवा म्हणतात. ही फीच झाली ना? एकूण किती धरून चालायचे?
— एक पालक, सांगली

उत्तर : नाही, ही फी नाही. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे तुमच्या मुलाचेच असतात आणि त्यालाच दरमहा ९९२ युरो असे हप्त्याने परत मिळतात. वर्षभराचा खर्च भागेल एवढे पैसे जवळ आहेत, हे दाखवण्याची ही पद्धत आहे. ११,९०४ हा आकडा सप्टेंबर २०२४ पासूनचा आहे.

मात्र कार्ल्सरूह बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येते आणि तिथे फी आहे. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना या राज्यात २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. श्टुटगार्ट, हायडेलबर्ग, फ्रायबुर्ग, मानहाइम ही शहरेही याच राज्यातली. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे आणि मास्टर्ससाठी ती दर सत्राला बहुधा ४,००० ते ६,००० युरो पडते. म्हणून ‘जर्मनीत फी नाही’ असे सरसकट धरू नका. राज्य आणि विद्यापीठ बघूनच हिशेब मांडा.

फी नसली तरी सत्रवर्गणी सगळीकडे असते. सहा महिन्यांना साधारण १०० ते ४०० युरो. रक्कम जास्त असेल तर बहुतेक वेळा तिच्यात बस-रेल्वेचा पास धरलेला असतो, त्यामुळे ती महाग पडत नाही.

महिन्याचा खर्च असा धरा : लहान-मध्यम शहरात खोली ३५० ते ५०० युरो, आरोग्यविमा सुमारे १५०, घरी रांधून जेवण २०० ते २५०, फोन-इंटरनेट वगैरे ३० ते ४०. म्हणजे ९९२ मध्ये बसते, पण ओढूनताणून. म्युनिकमध्ये खोलीच ६००-८०० च्या घरात जाते, तिथे ९९२ वर भागत नाही.

यात दोन ठिकाणी घोळ होतो. पहिला पैसे पाठवताना. मधल्या बँका आपले शुल्क कापून घेतात आणि तिकडे ११,९०४ ऐवजी ११,८८० पोचतात. वीस-पंचवीस युरोंसाठी खात्यात पूर्ण रक्कम असल्याचे प्रमाणपत्र अडते आणि व्हिसाची तारीख हुकते. सगळे शुल्क पाठवणाऱ्याने भरायचे हे बँकेला लेखी सांगा आणि वर थोडी रक्कम जादा पाठवा. बँकेने टीसीएस, म्हणजे परदेशी पाठवलेल्या रकमेवर आधीच घेतला जाणारा कर, कापला तर पावती जपून ठेवा, तो प्राप्तिकर विवरणपत्रात जमा धरता येतो.

दुसरा घोळ पोचल्यावर. ब्लॉक्ड अकाउंट सुरू व्हायला तिथले बँक खाते लागते, आणि त्यासाठी बहुधा पत्त्याच्या नोंदणीचा कागद. तोवर एक छदामही निघत नाही. याच दिवसांत खोलीची अनामत, पहिले भाडे, विमा, अंथरूण-पांघरूण असा सगळा खर्च एकदम अंगावर येतो. पहिल्या सहा आठवड्यांसाठी किमान दोन ते अडीच हजार युरो वेगळे हवेत, काही फॉरेक्स कार्डावर आणि दोन-तीनशे रोख.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये पोचणार आहे. पहिल्या पंधरा दिवसांत कोणत्या क्रमाने कामे करू? सीनियर्स सगळे वेगवेगळे सांगतात.
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : सीनियर्स वेगवेगळे सांगतात, कारण प्रत्येक शहराचे कार्यालय वेगळ्या गतीने चालते. क्रम मात्र सगळीकडे जवळजवळ सारखाच.

सुरुवात आनमेल्डुंगपासून, म्हणजे पत्त्याची नोंदणी. खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात ती करायची असते. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि घरमालकाने सही करून दिलेला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ नावाचा कागद लागतो. भाडेकरार दाखवून काम होत नाही, हाच कागद हवा. पर्यटकांसाठीच्या तात्पुरत्या निवासात तो सहसा मिळत नाही, म्हणून पहिला महिना तसे राहायचे ठरवत असाल तर आधीच विचारून घ्या. कार्यालयाची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरांत ती तीन-चार आठवड्यांनंतरची मिळते. भारतातून निघण्यापूर्वीच घेऊन ठेवा. दोन आठवड्यांनंतरची मिळाली तरी हरकत नाही, वेळ मुदतीत मागितल्याचा पुरावा जवळ असू द्या.

त्यानंतर बँक खाते, मग ब्लॉक्ड अकाउंट सुरू करणे. करओळख क्रमांक नोंदणीनंतर दोन-चार आठवड्यांत टपालाने आपोआप येतो.

आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात नाव पक्के होत नाही. व्हिसासाठी काढलेला प्रवासी विमा इथे चालत नाही. तिशीच्या आत असाल तर सरकारी व्यवस्थेतला विद्यार्थी विमाच घ्या. स्वस्त पडतो म्हणून काही जण सुरुवातीला खासगी विमा घेतात आणि सरकारी विम्यातून सूट मागतात. ही सूट त्या शिक्षणापुरती मागे घेता येत नाही. पुढे दाताचे मोठे काम किंवा जुनाट आजार निघाला की पश्चात्ताप होतो. तीस पूर्ण झालेल्यांना मात्र विद्यार्थी दर मिळत नाही, त्यांनी विम्याची चौकशी भारतातूनच करावी.

शेवटी रहिवास परवाना. व्हिसा साधारण तीन ते सहा महिन्यांचा असतो. तो संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात अर्ज पोचला पाहिजे. वेळ मिळत नाही म्हणून गप्प बसू नका, ऑनलाइन अर्ज करा आणि पोच जपून ठेवा. अर्ज मुदतीत असेल तर ‘फिक्सिओन्सबेशायनिगुंग’ नावाचा तात्पुरता कागद मिळतो. त्यावर रहिवास कायद्याच्या कलम ८१ मधला कोणता उपविभाग नोंदला आहे ते बघा. चौथा असेल तर भारतात येऊन परत जाता येते, तिसरा असेल तर परतीचा मार्ग बंद होतो. दिवाळीचे किंवा भावाच्या लग्नाचे तिकीट काढण्यापूर्वी हा कागद उलगडून वाचा.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट : टपालपेटीवर आपले आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचे कार्ड, करक्रमांक, विम्याचे पत्र सगळे टपालानेच येते.

प्रश्न : तिथे हजेरी नसते, इंटर्नल मार्क नसतात म्हणे. मग अभ्यास सोपा की अवघड? एटीकेटीसारखे काही असते का?
— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : या प्रश्नाला जास्त जागा देत आहोत. इथली हुशार मुले तिथे पहिल्या सत्रात आपटतात ती विषय अवघड म्हणून नव्हे, नियम ठाऊक नसतात म्हणून.

व्याख्यानाला हजेरी सहसा नसते हे खरे. प्रयोगशाळा आणि सेमिनारला मात्र ती असू शकते. वेळापत्रकावर १०.०० पुढे ‘सी. टी.’ लिहिले असेल तर तास सव्वादहाला सुरू होतो, ‘एस. टी.’ असेल तर बरोबर दहाला. तास नव्वद मिनिटांचा. संपल्यावर सगळे बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात, ती टाळ्यांची जागा.

आता हिशेब पाहा. एका सत्राला ३० क्रेडिट्स धरलेले असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम. सहा क्रेडिट्सचा विषय घेतला तर १५० ते १८० तास झाले. आठवड्याला एक व्याख्यान आणि एक उदाहरणांचा तास, असे पंधरा आठवडे धरले तरी वर्गात बसणे ४५ तासांच्या आसपास भरते. उरलेले शंभरावर तास तुमचे तुम्ही करायचे आहेत, आणि ते झाले की नाही हे कुणीही विचारणार नाही. उदाहरणांचा तास, ज्याला ‘उय्बुंग’ म्हणतात, तो बुडवू नका. परीक्षेतले प्रश्न बहुतेक वेळा त्याच धाटणीचे असतात.

गुण उलटे असतात. १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर १.७ ऐकून आईला धसका बसायचा. आपल्या गुणांचे रूपांतर असे करतात : सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि उत्तीर्णतेचे गुण यांच्यातील फरकाने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. १० पैकी ८ सीजीपीए आणि पास ४ ला असेल, तर २ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०.

परीक्षेची नोंदणी स्वतः करायची असते. विषयाच्या ऑनलाइन पानावर नाव असणे म्हणजे परीक्षेला नाव असणे नव्हे, ही दोन वेगळी दालने आहेत. नोंदणीची मुदत बहुधा डिसेंबर-जानेवारीत असते आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मुदत गेली की प्राध्यापकही काही करू शकत नाहीत, विनवण्या करून उपयोग होत नाही. परीक्षेतून नाव मागे घेण्याचीही मुदत असते, कुठे एक दिवस आधीपर्यंत तर कुठे एक-दोन आठवडे आधीपर्यंत. नाव तसेच ठेवून गेलाच नाहीत तर ५.० पडतात आणि एक संधी खर्च होते.

संधी मोजक्याच. बहुतेक अभ्यासक्रमांत एका विषयाला तीन, काही ठिकाणी दोनच. एटीकेटीसारखे विषय कितीही वेळा ओढत नेता येत नाहीत. सक्तीच्या विषयात शेवटची संधीही गेली तर ‘कायमचा अनुत्तीर्ण’ असा शेरा बसतो, नाव विद्यापीठातून काढले जाते आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. रहिवास परवाना शिक्षणासाठीच दिलेला असल्याने तोही अडचणीत येतो. म्हणून पहिल्या सत्रात सहा विषयांचा डोंगर उचलू नका. चार विषय घ्या, ते नीट पास व्हा. मास्टर्सला चारऐवजी पाच सत्रे लागणे तिथे कमीपणाचे मानत नाहीत. उलट पास झालेला विषय गुण वाढवण्यासाठी सहसा पुन्हा देता येत नाही, हेही लक्षात ठेवा. तयारी अर्धवट आहे असे वाटले तर मुदतीत नाव मागे घेणे शहाणपणाचे.

परीक्षेच्या दिवशी ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, विद्यापीठाचा स्वतःचा छापील नमुना असेल तर त्यावर सही घ्या आणि परीक्षा कार्यालयाला पाठवा. बहुतेक ठिकाणी तीन दिवसांच्या आत. चार दिवसांनी आणलेला दाखला फेटाळला जातो. आणि पेपर लिहायला बसल्यानंतर ‘मला बरे नव्हते’ म्हणणे जवळपास अशक्यच.

निकालानंतर तपासलेला पेपर बघण्याचा एक दिवस ठरलेला असतो. तिथे जाच. बेरजेतली चूक दाखवून देता येते, आणि पुढच्या वेळी कुठे सुधारायचे तेही कळते. जुन्या प्रश्नपत्रिका विभागाच्या विद्यार्थी संघटनेकडे, ‘फाखशाफ्ट’कडे मिळतात.

हे सारे नियम ‘प्रुफुंग्सओर्डनुंग’ म्हणजे परीक्षा नियमावली नावाच्या दस्तऐवजात असतात. प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी आणि जर्मन भाषेत. इंग्रजी भाषांतर असले तरी वाद झाल्यास जर्मन मजकूरच ग्राह्य धरतात. पहिल्याच आठवड्यात ती उतरवून घ्या आणि संधी किती, मुदती कोणत्या, प्रबंधासाठी किती क्रेडिट्स हवेत, एवढे तरी अधोरेखित करा.

आणखी एक, आणि हे कळकळीने सांगतो आहोत. आपल्याकडे जर्नल एकाने लिहायचे आणि बाकीच्यांनी उतरवायचे याचे कुणाला काही वाटत नाही. तिथे दोन अहवाल सारखे निघाले तर दोघांनाही नापास करतात, देणाऱ्यालाही. प्रत्येक लेखी कामासोबत ‘हे माझे स्वतःचे काम आहे’ अशी सही द्यावी लागते. यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, मजकूर लिहून घेतला असेल आणि सांगितले नसेल, तर तेही फसवणुकीत धरले जाऊ शकते.

प्रश्न : खोली मिळत नाही. एक घरमालक म्हणतात, मी परदेशात आहे, अनामत भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो. भरू का?
— एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : भरू नका. ही ठरलेली फसवणूक आहे. फोटो सुंदर, भाडे शहराच्या मानाने कमी, मालक नेहमी परगावी, आणि पैसे खोली बघण्याआधी. तिथे ओळखीचे कुणी असेल तर त्याला प्रत्यक्ष पाठवा. नसेल तर सजीव व्हिडिओवर खोली, इमारतीचा दरवाजा आणि रस्त्याच्या नावाची पाटी दाखवायला सांगा. ठग इथेच गळतो.

खरी वाट अशी. विद्यार्थी कल्याण संस्था, म्हणजे ‘श्टुडिएरेंडनवेर्क’, हिच्या वसतिगृहात खोली सर्वात स्वस्त असते. प्रतीक्षा यादी लांब असल्याने प्रवेशपत्र येताच, शक्य असेल तर त्याआधीच अर्ज टाका. काही ठिकाणी दर महिन्याला ‘मला अजून खोली हवी आहे’ असे कळवावे लागते, नाहीतर नाव यादीतून गळते. दुसरा मार्ग ‘वेगे’चा, म्हणजे तीन-चार जणांनी मिळून घेतलेले घर. तिथे राहणारेच नव्या माणसाची निवड करतात. सगळ्यांना एकच मजकूर पाठवला तर उत्तर येत नाही. जाहिरातीत त्यांनी स्वतःविषयी लिहिलेले वाचा, त्याला धरून आठ-दहा ओळी लिहा, जमल्यास जर्मनमध्ये. लहान गावे सोडू नका, रेल्वेने अर्ध्या तासावर राहिलात तरी पासात प्रवास भागतो.

भाडे ‘काल्ट’ आणि ‘वार्म’ असे दोन प्रकारे सांगतात. काल्ट म्हणजे नुसते भाडे, वार्म म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट वार्ममध्येही नसू शकते, म्हणून विचारून घ्या. अनामत कायद्याने काल्ट भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. ‘रिकामे घर’ घेतलेत तर त्यात बहुधा ओटा, शेगडी, दिवेसुद्धा नसतात.

ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा, डागाचा फोटो काढून यादीवर दोघांच्या सह्या घ्या. सोडताना अनामतीवरून वाद होतो तो इथेच. नेहमीच्या भाडेकरारात घर सोडण्याची सूचना तीन महिने आधी, कागदावर हाताने सही करून द्यावी लागते, ई-मेल चालत नाही. वसतिगृहांचे नियम वेगळे असतात.

आपल्या स्वयंपाकामुळे होणारा त्रास बुरशीचा. कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, खोलीतच वाळत घातलेले कपडे, आणि थंडी म्हणून घट्ट लावलेल्या खिडक्या. ओल भिंतीच्या थंड कोपऱ्यात साचते आणि काळे डाग पडतात. दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच ते दहा मिनिटे पूर्ण उघडा. दिवसभर फट ठेवण्याने भिंत गार पडते आणि बुरशी वाढते. फोडणी करताना खोलीचे दार बंद, स्वयंपाकघराची खिडकी उघडी. धूरसूचक वाजू नये म्हणून त्यावर पिशवी बांधू नका, ते बेकायदा तर आहेच, जिवावरही बेतू शकते.

आणि एक पत्र सगळ्यांना येते : रेडिओ-टीव्ही वर्गणीचे, घरटी महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी भरावे लागते. एका घरात चौघे राहत असाल तर एकानेच भरायचे, बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा. पत्राला उत्तरच दिले नाही तर प्रत्येकाच्या नावावर थकबाकी साचत जाते आणि शेवटी वसुली येते.

प्रश्न : शिकता शिकता नोकरी करून मुलगी स्वतःचा खर्च काढू शकेल का? कर्ज कमी काढावे असा विचार आहे.
— एक पालक, अहिल्यानगर

उत्तर : काही भाग काढू शकेल, पण पहिल्या वर्षाचे कर्ज त्या भरवशावर कमी करू नका.

१ मार्च २०२४ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. अर्धा दिवस म्हणजे चार तासांपर्यंत. विद्यापीठातले सहायकाचे काम, ज्याला ‘हिवी’ म्हणतात, या मोजणीत धरत नाहीत. किमान वेतन २०२६ मध्ये तासाला १३.९० युरो आहे. ‘मिनीजॉब’ म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतचे छोटे काम. त्याची मर्यादा त्याच वर्षी महिना ६०३ युरो, म्हणजे महिन्याला ४३ तास, आठवड्याला दहा. एवढ्याने खोलीचे भाडे निघते, सगळा महिना नाही. अध्यापनाच्या काळात आठवड्याला वीस तासांच्या वर गेले तर विद्यार्थी विम्याचा दरही धोक्यात येतो.

अडचण मिळण्याची आहे. हॉटेल, दुकान, कॅफेत कामचलाऊ जर्मन लागते. विषयाशी संबंधित ‘वेर्कश्टुडेंट’ नोकरी चांगला पैसा देते, पण सहसा दुसऱ्या-तिसऱ्या सत्रापासून, आणि जर्मन येणाऱ्याला आधी. पहिल्या सत्रात परीक्षांचे तंत्र उमगेपर्यंत कामच न घेणे उत्तम.

‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणून घरपोच जेवण पोचवण्याचे काम कुणी देऊ केले तर सावध राहा. स्वयंरोजगाराला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. लेखी करार, पगारपत्रक आणि विम्याची नोंद नसलेले रोखीचे काम घेऊ नका. पकडले गेल्यावर मालक दंड भरून सुटतो, तुमच्या मुलीचा मात्र परवाना जातो. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी शोधण्यासाठी १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळू शकतो, कर्जफेडीचा खरा हिशेब त्या काळापासून मांडा.

प्रश्न : अभ्यासक्रम इंग्रजीतून आहे. तरी जर्मन शिकावे लागेल?
— एक विद्यार्थिनी, पणजी

उत्तर : हो. वर्गात इंग्रजी असते. नगरपालिका, डॉक्टरचा दूरध्वनी, भाडेकरार, सूचनाफलक सगळे जर्मन. निघण्यापूर्वी ए२, म्हणजे भाषेची दुसरी प्राथमिक पातळी, गाठा. पुण्यात मॅक्स म्यूलर भवन आहे, इतरही चांगले वर्ग आहेत. तिथे गेल्यावर विद्यापीठाच्या भाषा केंद्रात बी१ पासून पुढे शिका. वर्ग बहुधा फुकट किंवा स्वस्त असतात, पण नोंदणी सुरू झाल्यावर काही तासांत भरतात. तारीख आधीच टिपून ठेवा.

प्रश्न : मुलगी गेल्या वर्षी गेली. नोव्हेंबरपासून फोनवर कमी बोलते, झोपते फार, तिला काही होत नाही ना? इथून काय करू?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : तुमची काळजी अनाठायी नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास मागे जातात. भारताशी अंतर साडेतीन तासांचे साडेचार होते आणि डिसेंबरात चार-साडेचारलाच सूर्य मावळतो. सुरुवातीची गडबड ओसरलेली असते, परीक्षा जवळ येते, रविवारी दुकाने बंद, रस्ते शांत. बऱ्याच मुलांना हाच काळ जड जातो.

फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ हा प्रश्न काही दिवस सोडा. ‘आज काय रांधलेस, बाहेर पडलीस का, कुणाबरोबर जेवलीस’ असे विचारा. दुपारी उजेड असताना अर्धा तास बाहेर चालायला सांगा. विद्यापीठाचे क्रीडा वर्ग सत्राला अगदी थोड्या युरोंत असतात, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या माणसांत जाणे होते. म्युनिक, फ्रँकफर्ट, बर्लिनसारख्या शहरांत मराठी मंडळी गणपती-दिवाळीला एकत्र येतात, तिथला संपर्क तिला शोधून द्या.

श्टुडिएरेंडनवेर्कची मानसिक समुपदेशन सेवा असते. ती गोपनीय असते, विद्यापीठाला किंवा व्हिसा कार्यालयाला कळत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही बोलता येते. वेळ मिळायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ‘फार वाढले तर जाईन’ असे म्हणत थांबू नये. खूप दिवस झोप-जेवण बिघडले असेल तर डॉक्टरकडे जाणे हेच योग्य, खर्च विम्यात बसतो. आजारपणामुळे अभ्यास शक्य नसेल तर एक सत्र रजा घेण्याची सोय आहे. त्याआधी परवान्यावर काय परिणाम होतो ते परदेशी विद्यार्थी कक्षात विचारावे.

ती जगण्याविषयी निराशेचे बोलली तर वाट बघू नका. तातडीचा क्रमांक ११२. रात्री-अपरात्री मन मोकळे करायला ०८०० १११ ०१११ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो. तातडीचे नसलेले आजारपण दवाखाने बंद असताना उद्भवले तर ११६११७. तिच्या शेजारच्या खोलीतल्या किंवा वर्गातल्या दोन मैत्रिणींचे क्रमांक आजच मागून घ्या. ती फोन उचलत नाही अशा वेळी दार वाजवायला जाणारे तिथले कुणीतरी तुम्हाला ठाऊक हवे.

प्रश्न : नातवाच्या सामानात काय देऊ? तूप, पेढे, मेतकूट, हापूस?
— एक आजी, रत्नागिरी

उत्तर : मेतकूट, गोडा मसाला, कोकम, डाळी, पोहे, भाजणी खुशाल द्या, बंद पाकिटात आणि वर नाव लिहून. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ, चक्का, सुकट-बोंबील मात्र देऊ नका. युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला मनाई आहे, आणि सुक्या मासळीवरून विमानतळावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. आंबा, ताजा कढीपत्ता यांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर टोपलीत टाकावे लागतात. ताजे फळ द्यायचेच असेल तर नारळ चालतो.

औषधे तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. कुकर तीन लिटरचा द्या, सोबत दोन जादा रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह, कारण तिकडे आपल्या कुकरचे सुटे भाग सहज मिळत नाहीत. तळ सपाट असलेलाच घ्या, तिथल्या शेगड्या विजेच्या असतात. इंडक्शन असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, खरेदीआधी नातवाला शेगडीचा फोटो पाठवायला सांगा.